तीन बोटांची फट

आमच्या विट्याकडचा माणूस मुंबईच्या बाजूला जाऊन आला की लोक पहिलं विचारतात, समुद्र बघितलास का. मी समुद्र बघितला नाही. भिवंडीत पाच दिवस राहिलो आणि त्यातला बराचसा वेळ एका बॉयलरच्या तोंडाशी उभा होतो. तरी हे लिहितो आहे, कारण ज्यांचं पोट माझ्यासारखं वाफेवर चालतं आणि ज्यांना तिकडं जायला सवड होणार नाही, त्यांच्या उपयोगाचं यात थोडंफार निघेल.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. अरबांनी तेल आवरलं आणि त्याची झळ आमच्या गावापर्यंत आली. घरात स्टोव्ह होता तो माळ्यावर गेला, रॉकेलच्या दुकानापुढं डबे रांगेत आणि माणसं सावलीत, असं रोजचं झालं. पण आमची खरी अडचण घरातली नव्हती. आमच्या विणकर सोसायटीचं एक सायझिंग आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: माग चालायचा तर ताण्याच्या सुताला आधी खळ द्यावी लागते आणि ती गरम सिलिंडरवर वाळवावी लागते. त्याशिवाय सूत मागावर टिकत नाही, तुटतं. खळ शिजवायला वाफ, वाळवायला वाफ. आणि आमची वाफ फर्नेस ऑइल नावाच्या काळ्या जाड तेलावर निघत होती.

हे तेल आणलं मीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. ते मी लपवत नाही, आणि मिरवत नाही असंही म्हणत नाही. बी.एस्सी. झालो, सोसायटीत सुपरवायझर झालो, आणि पहिल्याच वर्षी मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं की लाकूड जाळणं हा मागासलेपणा आहे. तेल आणा. राख नाही, धूर कमी, एक चक्र फिरवलं की जाळ. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, त्याच बॉयलरवर वीस वर्षं फायरमन. फावडं त्यांच्या हातातून मीच काढलं आणि बर्नरशेजारी त्यांना बसायला एक नवीन स्टूल आणून दिलं. मला वाटलं, बापाला बसून खायचं काम दिलं. आबा त्या स्टुलावर एकदाही बसले नाहीत. त्यावर ते डबा ठेवायचे. लाकडाच्या भट्टीतली बिडाची जाळी मी मोडीत काढून टाकायला सांगितली होती, आणि ती गेलीही.

दोन वर्षांत तेल असं चढलं की सायझिंग चालवण्यापेक्षा बंद ठेवणं स्वस्त. चेअरमननी मला बोलावलं. आमचे चेअरमन कमी बोलतात.

"बीएस्सी, तेल तुम्ही आणलंत. आता तोडही तुम्हीच काढा. महिनाअखेरपर्यंत निघाली तर ठीक, नाहीतर वाफ बंद करू."

वाफ बंद म्हणजे सव्वीस माणसं घरी, त्यात आबा. परत लाकडावर जायचं तर दुष्काळानं आमच्याकडचं झाड न् झाड संपवलेलं. तेवढ्यात सुताच्या एजंटानं बातमी आणली की भिवंडीत एक सेठ शेतातला कचरा जाळून वाफ काढतो. मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे उजळले. शेतातला कचरा आपल्याकडं काय कमी आहे? एजंटाची चिठ्ठी घेऊन मला पाठवायचं ठरलं. कुठला कचरा, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

निघताना आईनं पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. "कुणाच्या दारात मोकळ्या हातानं उभा ऱ्हाऊ नगंस," म्हणाली.

*भिवंडी, मंगळवार*

कल्याणला उतरून एस.टी.नं भिवंडीत गेलो. मागांचा आवाज मला नवा नाही. पण आमच्याकडं तो एखाद्या गल्लीतून येतो आणि पुढं गेलं की विरतो. इथं तो विरतच नाही, नुसता एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकतो. चहा पिताना कपातल्या चहावर बारीक लाटा उठताना मी बघितल्या. रस्ता विचारला मराठीत, उत्तर आलं हिंदीत, आणि वळण समजावताना तोच माणूस परत मराठीत आला. कुणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडं हिंदी बोलायचं म्हणजे माणूस आधी घसा खाकरतो.

सेठचं नाव युसूफसेठ. पन्नाशीचे, कुर्त्याला सुताचे कण चिकटलेले, हातात सुताची एक लड. बोलताना ती सारखी बोटांत फिरवायची सवय. चिठ्ठी वाचली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी इस्त्रीची पांढरी पँट घातली होती.

"बीएस्सी हो?"

"हो."

"अच्छा है. हमारे यहाँ देखने को सब आते हैं, देखो. लेकिन मेरा भी एक काम करना. ये बालाराम है ना, इसके गाँव में जमीन से गरम पानी निकलता है. मैं सोचता हूँ, पानी जब ऊपरवाला ही गरम करके दे रहा है, तो बॉयलर उधर ही क्यों न लगाऊँ? तुम पढ़े-लिखे हो. जाके देखो और बताओ."

मला ते फार आवडलं. परदेशात जमिनीतल्या उष्णतेवर वीज काढतात हे मी कुठंतरी वाचलं होतं. आणि मला कुणी पढ़ा-लिखा म्हणून काही विचारतंय, यात जे सुख आहे ते पहिल्या पिढीच्या माणसालाच कळेल.

मग त्यांच्या फायरमननं, बालारामनं, भट्टी दाखवली. चाळिशीचा, काटक, खाकी चड्डी, कमरेला फडकं. त्याची डावी भुवई अर्धीच होती. माझ्या मनात आलं, आबांचीही अशीच आहे. लहानपणापासून मी ती बघत आलो, देवीचा व्रण असेल असं धरून चाललो होतो. पुढं काही सुचलं नाही.

बॉयलरच्या तोंडापुढं त्यांनी विटांची एक खोली बांधली होती, माणूस बसेल एवढी. आत लोखंडी पायऱ्यांची उतरण. वर पत्र्याचा चाडा, त्यातून इंधन पायऱ्यांवरून घरंगळत खाली येतं आणि येता येता जळतं. पायऱ्यांच्या फटींतून हवा, तळाशी राख. पायऱ्या कशाच्या, तर मोडीत निघालेल्या लुमांच्या बिडाच्या पट्ट्यांच्या. भिवंडीत दुसरं काही मिळो न मिळो, मोडका लूम मिळतोच. आणि चाड्याशेजारी इंधनाचा डोंगर, पिवळा, हलका, पायाखाली सळसळणारा. हातात घेतला. भाताचा तूस होता.

"हा कुठून येतो?" मी विचारलं.

"भाताच्या गिरन्या हायत सगलीकडं. काल्हेरपासून वर वाड्यापर्यंत. आदी फुकट नेयाला सांगत. तुमच्याकडं भात किती पिकतंय?"

"आमच्याकडं भात पिकत नाही. ज्वारी, बाजरी."

"मग तूस कुठून आननार?"

ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमाड, गव्हाचा भुसा, आमच्या शेतातून जे निघतं ते सगळं जनावर खातं. दुष्काळात तर छपराचं गवतसुद्धा बैलांना घातलं होतं. शेतातला कचरा म्हणून मीटिंगमध्ये ज्यावर माना डोलावल्या, त्याच्यातलं एक चिपाडही कुणी मला जाळू देणार नव्हतं.

"मग आलास कशाला, मास्तर?"

"मास्तर नाही. सुपरवायझर."

"बरं. सुपरवायझर, आलास कशाला?"

आमच्याकडं अनोळखी शिकलेल्या माणसाला असं पहिल्या भेटीत अरे-तुरे कुणी करत नाही. तिथं ते सहज आहे, त्यात अपमान नसतो. मला हे कळायला दोन दिवस लागले. त्या क्षणी मात्र कान तापले. मी म्हणालो, उद्याची गाडी धरतो.

बालारामनं विडी विझवून कानावर ठेवली. "जा. पन आलायस तर एक शिफ्ट कर. बगून कोनाला काय कललंय?"

*बुधवार, भट्टीच्या तोंडाशी*

राहायची सोय सायझिंगच्याच माळ्यावर होती, सुताच्या गोण्यांच्या शेजारी. सकाळी पांढरी पँट घडी करून ठेवली आणि बालारामच्या पोराची जुनी चड्डी घातली. ती गुडघ्याच्या फार वर होती. सायझिंगच्या माणसांनी कामं थांबवून बघून घेतलं.

काम म्हणजे फावड्यानं तूस चाड्यात टाकायचा, आणि मधूनमधून लांब सळईनं पायऱ्या साफ करायच्या. बघताना वाटतं, यात शिकायचं काय आहे. बालारामचा हात मात्र एका चालीत फिरायचा. फावडं अर्धंच भरायचं, मनगट शेवटी वळायचं, आणि तूस चाड्याच्या रुंदीभर पसरून पडायचा, पेरल्यासारखा.

"पातल टाक," तो म्हणाला. "पन थांबू नको. लाकूड हाय का हे, टाकलं नि बिडी ओढली?"

मी तासभर पातळ टाकलं. हात भरून आले. मग मी हिशेब मांडला, मनातल्या मनात, शिकलेल्या माणसासारखा: एकदम दहा फावडी टाकली तर तेवढाच तूस तेवढीच आच देणार, आणि मधे दहा मिनिटं विसावा. बालाराम पाणी प्यायला गेला होता. मी दहा टाकली आणि हात कमरेवर ठेवून उभा राहिलो.

जाळ खाली बसला. आत नुसता पांढरा-पिवळा धूर कोंडला. प्रेशरचा काटा उतरायला लागला तसं मी घाबरून आत काय झालंय बघायला दार उघडलं.

पुढचं सांगायला मोठेपणा वाटत नाही. हवा आत गेली आणि कोंडलेला धूर एकदम पेटून दारातून बाहेर आला. भक्क असा आवाज झाला. मी मागं तुसाच्या ढिगावर जाऊन पडलो. लागलं काही नाही, पण जळक्या केसांचा वास आला, तो माझाच होता.

बालाराम धावत नाही आला. चालत आला. आधी दार लोटलं, सळईनं पायऱ्यांवरचा ढीग खाली ओढला, जाळ नीट झाल्यावर मग माझ्याकडं वळला. हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं.

"डावी," तो म्हणाला. आणि स्वतःच्या अर्ध्या भुवईवर बोट ठेवलं. "सगल्यांची डावीच जातंय. दार उजव्या हातानं उघडतो ना मानूस, डावी बाजू पुडं येतंय. कोनत्याबी फायरमनला बग."

माझ्या डोळ्यांपुढं आबा आले. वीस वर्षं रोज जेवताना ज्यांच्या समोर बसलो त्यांची भुवई कुठं गेली हे मला भिवंडीत एका परक्या माणसानं सांगितलं.

दुपारी त्यानं डबा उघडला आणि अर्धी भाकरी न विचारता माझ्या हातावर ठेवली. तांदळाची भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. पांढरी, मऊ, रुमालासारखी घडी होणारी. आमची ज्वारीची भाकरी पोटाला धरून राहते, ही खाताना खाल्ल्यासारखी वाटतच नाही. बरोबर सुकट होती, कांद्यात परतलेली. पहिल्या घासाला वास नडला, तिसऱ्या घासाला मी मागून घेतली.

"वडील काय करतात तुजे?" त्यानं विचारलं.

"फायरमन आहेत."

त्याचा घास हातातच राहिला. "आनि तू माज्याकडं शिकाला आलास?"

मी मग सगळं सांगितलं. तेल, मीटिंग, स्टूल, महिनाअखेर. तो हसला नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाला, "शुक्रवारी सुट्टी हाय. घरी चल. शेठचं गरम पानी पन बगून घे."

*शुक्रवार, अकलोली*

भिवंडीत मागांना सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी गावाचा आवाज बंद पडतो आणि मग कळतं की आपण तीन दिवस मोठ्यानं बोलत होतो. आमच्याकडं सुट्टी बाजाराच्या दिवशी, म्हणजे सुट्टीलाच जास्त गोंगाट.

वज्रेश्वरीला बसमधून उतरलो. पायऱ्या चढून देवीला हात जोडले. देऊळ किल्ल्यासारखं आहे, पण आटोपशीर. वरून तानसा नदी, भाताच्या कापून झालेल्या खाचरांचे करडे तुकडे आणि मागं डोंगर दिसतो. मला सगळीकडं तूसच दिसत होता. इतकं भात, आणि आमच्याकडं एक दाणा नाही.

अकलोलीची कुंडं नदीच्या काठालाच आहेत, दगडी बांधलेली. माणसं गुडघे, कंबर, पाठ घेऊन लांबून येतात आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसतात. मी खिशातून कॉलेजचा थर्मामीटर काढला, दोरी बांधून सोडला. शेजारी पाण्यात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पान्याला ताप आलाय का, डॉक्टर?" मी वहीत आकडा लिहून घेतला. मग पाय सोडून बसलो. दोन दिवसांचं फावडं अंगातून उतरत गेलं. खरं सांगतो, अर्धा तास मला सायझिंग आठवलं नाही.

मग परत मन चालायला लागलं. विहिरीचं पाणी उकळायला जेवढं जळतं, त्यापेक्षा हे पाणी उकळायला कितीतरी कमी जळेल. सेठचा विचार पक्का होता. मी गणित मांडलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली.

बालारामच्या घरी त्याची बायको कमलवहिनी चुलीपुढं होती. आईनं दिलेल्या शेंगांची पिशवी मी तिच्या हातात दिली. तिनं आत हात घालून बघितला. "वा, घाटावरच्या शेंगा. भाजते," म्हणाली. दारात पितळेचा हंडा पालथा घातला होता.

"वहिनी, तुमची मजा आहे," मी म्हणालो. "आंघोळीला पाणी तापवायला नको. स्वयंपाकालाही गरम पाणी दारात."

"स्वयंपाकाला?" ती वळली. "त्या पान्यात डाल शिजत न्हाय, भाऊ. सकालपासून ठेव, संध्याकालपर्यंत दाना टनक. अंगाला बरं ते पानी, चुलीला न्हाय. पियाचं नि शिजवाचं पानी आमी इहिरीचं आनतो. त्या गरम पान्याचा तो हंडा बगा."

हंड्याच्या आत पांढऱ्या खाराचा थर होता, नखाएवढा जाड. बालारामनं नखानं त्याची एक पापडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. हा थर बॉयलरच्या नळ्यांत धरला की आधी आच आत जाईनाशी होते, आणि मग एक दिवस नळी फुटते.

डाळ न शिजवणारं पाणी म्हणजे कठीण पाणी. दुसऱ्या वर्षाला होतं. त्या प्रश्नाला मी चांगले मार्क मिळवले होते. कुंडाशी तासभर बसून मला ते आठवलं नाही, आणि ज्या बाईनं शाळा बघितली नव्हती तिनं डाळीवरून सांगितलं. मी वही उघडून गणितावर आडवी रेघ मारली.

"वाईट वाटून घेऊ नका," वहिनी म्हणाली. "यांनी पन लग्नानंतर एकदा चहा केला होता त्या पान्याचा."

शेंगा भाजून झाल्या. चुलीपुढंच बसून आम्ही खायला लागलो. दाणे तोंडात, टरफलं चुलीत. बोलणं वाफेवरून भातावर आणि भातावरून आमच्या दुष्काळावर गेलं. मी सांगत होतो की आमच्याकडं शेतातलं काहीच टाकून दिलं जात नाही, सगळं जनावर खातं. वहिनीनं मूठभर टरफलं एकदम चुलीत लोटली आणि हात मागं घेतला. चुलीतलं लाकूड विझत आलं होतं. टरफलं धडधडून पेटली. जाळ तव्याच्या कडेवर आला.

"बया, लाकडापेक्षा हेच बरं जलतंय," ती म्हणाली. "हे पन खातात का तुमची गुरं?"

मी हातातलं टरफल उलटसुलट करून बघितलं.

टरफलं गुरं खात नाहीत. आमच्या शेंगतेलाच्या गिरणीमागं त्यांचा ढीग असतो, सायझिंगपासून हाकेच्या अंतरावर. वाऱ्यानं ती उडून गल्लीत येतात म्हणून लोक गिरणीवाल्याशी भांडतात. पावसाळ्यात आम्ही ती खड्ड्यात भरतो. रोज कामावर जाताना मी ती बुटाखाली चिरडत जात होतो. तसल्याच टरफलांची पिशवी मी स्वतः विट्याहून अकलोलीपर्यंत खांद्यावर आणली होती.

बालारामनं उरलेली टरफलं मुठीत धरली. एकेक करून चुलीत टाकली आणि जाळाकडं बघत राहिला, पिवळा कधी होतो, किती टिकतो, राख कशी पडते. बराच वेळ. मग म्हणाला, "तुसापेक्षा जोर हाय. पन मोटं हाय. माज्या फटीतून हवा पुरनार न्हाय त्याला."

वहिनीनं परातीत उरलेल्या शेंगा ओतल्या. "खा मग," म्हणाली. "जालायचंय ना?"

*शनिवार, परत निघताना*

सेठना जाऊन सांगितलं, "बॉयलर इथंच राहू द्या. अकलोलीच्या पाण्यात डाळ शिजत नाही."

लड बोटांत फिरायची थांबली. सेठना ते लगेच कळलं, चांगले धंदेवाले होते. "खार है?"

"पुष्कळ."

"ये बीएस्सी में पढ़ाते हैं?"

"पढ़ाते तो हैं," मी म्हणालो, "पर समझा मैं अकलोली में."

ते मोठ्यानं हसले आणि मला चहा मागवला.

मग बालारामबरोबर भट्टीशी गेलो. मी पट्टी आणि वही घेऊन माप घ्यायला बसलो. विटांची खोली, उतरण, चाड्याचं तोंड. पायऱ्यांमधली फट किती असं विचारल्यावर त्यानं दोन बोटं आडवी धरली.

"तुसाला दोन. तुज्या टरफलाला तीन लागतील."

"तीन बोटं म्हणजे किती?"

त्यानं तीन बोटं माझ्यापुढं धरली. मी पट्टी लावून त्याची बोटं मोजली. सायझिंगची माणसं परत कामं थांबवून बघायला लागली.

"लिवलंस? बोटं कोनाची ते पन लिव," तो म्हणाला.

मी खरोखरच लिहिलं. वहीच्या त्या पानावर अजून आहे: तीन बोटं, बालाराम फायरमन, भिवंडी.

*विटा*

घरी पोचलो तेव्हा आबा अंगणात दाढी करत होते. आरशातूनच त्यांनी मला बघितलं.

"भुवई कुठं ठिवून आलास?"

"भिवंडीत."

"दहा फावडी टाकली असशील एकदम."

मी मान हलवली. त्यांनी साबण पुसला आणि आरसा खाली ठेवला. मी वही उघडून सगळं सांगितलं, चुलीतल्या टरफलांपर्यंत. ते ऐकत होते. मधे एकदाच बोलले, "टरफलाला राख कमी पडती," म्हणजे त्यांना ते माहीत होतं. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "तू इचारलं न्हाईस." त्यात राग नव्हता. होता तसा प्रकार त्यांनी सांगितला.

"एकच अडचण आहे," मी म्हणालो. "पायऱ्यांना बीड पाहिजे. ओतून घ्यायला कोल्हापूरला जावं लागेल, त्यात महिना संपेल. जुनी जाळी मी मोडीत घातली नसती तर—"

आबा उठले आणि न्हाणीकडं गेले. मी मागोमाग. न्हाणीच्या तळाशी काळ्या पट्ट्या एकाला एक लावून बसवल्या होत्या, मधून पाणी जायला फटी. त्यांनी टाचेनं एक वाजवली. खणखणीत आवाज आला.

"हितं चिखल हुयाचा. मोडीच्या गाडीवरनं काढून आणल्या."

दोन वर्षं रोज सकाळी त्या पट्ट्यांवर उभा राहून मी अंघोळ केली होती.

चेअरमननी परवानगी दिली, पण मुदत वाढवली नाही. बॉयलर इन्स्पेक्टरसाहेबांच्या ऑफिसला अर्ज मी लिहिला, विटांची खोली गावच्या गवंड्यानं बांधली. गिरणीवाला म्हणाला, ढीग उचला, माझी भांडणं मिटतील. दोन-दोन पट्ट्यांची एक पायरी करत आबांनी उतरण रचली. फटीचं माप मी मोजपट्टीनं बघायचो, आबा बोटांनी. आबांची तीन बोटं बालारामच्या तीन बोटांपेक्षा थोडी जाड निघाली. त्यावर आमचा अर्धा दिवस वाद झाला आणि शेवटी फट आबांच्या बोटांची ठरली. टरफल आमचं होतं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाळ घातला. चेअरमन आणि पंच टोप्या घालून येऊन उभे. खळीच्या हौदाशी सगळी माणसं गोळा झालेली. आबांनी चाडा भरला, पहिली फावडी टाकली, टरफलं पायऱ्यांवरून सळसळत उतरली आणि खालून पेटत वर आली. धूर आधी दाट होता, मग विरळ झाला, मग दिसेनासा झाला. काटा बराच वेळ जागचा हलला नाही. मग हलला. तासाभरानं सिलिंडरला हात लावून चेअरमननी झटक्यानं मागं घेतला आणि बोटं चोखत म्हणाले, "सूत लावा."

माणसं कामाला पांगली. मला वाटलं आता आबा टाकत राहतील. त्यांनी फावडं माझ्याकडं केलं.

"पातळ टाक," म्हणाले. "आन् थांबू नगंस."

मी अर्धं फावडं भरलं, मनगट शेवटी वळवलं. टरफलं चाडाभर पसरून पडली. दुसरं. तिसरं. चेअरमन काट्याकडं बघत होते. आबा काट्याकडं बघत नव्हते, माझ्या हाताकडं बघत होते. पंधरा-वीस फावडी झाली असतील. मग त्यांनी कोपऱ्यातलं ते स्टूल ओढलं, त्यावरचा डबा खाली ठेवला, उपरण्यानं स्टूल पुसलं आणि बसले.